बीड आणि काच : छोट्या इनॅमलच्या भांड्यांविषयी

आजचा विषय भांड्यांचा आहे हे ऐकून दोघातिघांनी कळवलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं स्वयंपाकघरात काय काम? काम जुनंच आहे. आपल्या नैयायिकांनी शतकानुशतकं उदाहरण म्हणून काय घेतलं? घट. मडकं. लोक 'घटपटाची खटपट' म्हणून हसले, पण त्यांनी मडकं काही सोडलं नाही. तेव्हा भांड्यावर बोलायचा अधिकार आम्हाला परंपरेनेच मिळालाय, असं धरून चालू या.

कोणतं भांडं ते आधी सांगतो. बिडाचा तवा, बिडाची कढई तुम्हाला माहीत आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याच बिडाचं जाड, जड, झाकणाचं पातेलं करायचं आणि आतून-बाहेरून त्याला काचेचा रंगीत थर द्यायचा. फ्रेंच लोक त्याला 'कोकोत' म्हणतात. मोठी असतात, पण आज आपण छोटी घेऊ : 14 ते 18 सेंटीमीटर व्यासाची, लिटर-दीड लिटरची, दोन माणसांच्या आमटीला पुरणारी. ही भांडी हल्ली पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या घरांत दिसू लागली आहेत. पुष्कळदा मुलगा किंवा मुलगी परदेशातून येताना घेऊन येते. सोबत एक कागद येतो. त्यावर दहा-बारा 'हे करू नका' लिहिलेली असतात. मग त्या भांड्याचं दोनपैकी एक होतं. एक तर ते शोकेसमध्ये बसतं, कारण एवढं महाग भांडं वापरायची भीती वाटते. नाही तर तीन महिन्यांत त्याचे टवके उडतात आणि घरात वादाला एक विषय मिळतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की त्या दहा-बारा नियमांच्या मागे कारण जवळजवळ एकच आहे. ते कळलं, तर कागद हरवला तरी चालेल. कागदावर न लिहिलेला प्रसंग आला तरी काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

ते कारण असं : हे भांडं काचेचं आहे. दिसतं लोखंडाचं, वजन लोखंडाचं, पण तुमचा चमचा, तुमची घासणी, तुमचं पाणी ज्याला लागतं ती काच असते. तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी दवाखान्यातले निळ्या काठाचे पांढरे मग आणि थाळ्या पाहिल्या आहेत, त्यांना इनॅमल माहीतच आहे. ते पातळ पत्र्यावरचं. काठाला काळे टवके पडलेले, आणि तरी वर्षानुवर्षं वापरात. हे बिडावरचं, एवढाच फरक. मुळात चीज तीच.

आता ही काच लोखंडावर बसते कशी, हे थोडं नीट पाहू. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण पुढचं सगळं यावर आहे.

बिडात कार्बनचं प्रमाण जास्त, साधारण 2 ते 4 टक्के. त्यामुळे ते कमी तापमानाला वितळतं, साच्यात छान वाहतं, आणि थंड झाल्यावर ठिसूळही असतं. साचा वाळूचा. भांडं बाहेर काढायचं तर साचा मोडावा लागतो. पुढच्या भांड्याला वाळू पुन्हा दाबून नवा साचा करायचा. कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना हे सांगायला नको, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळू आणि ओतकाम रोजचंच आहे. त्या ओतलेल्या भांड्याला घासून-पुसून त्यावर काचेच्या बारीक भुकटीचा पाण्यात कालवलेला लेप फवारतात, आणि भट्टीत 800 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. एवढ्या उष्णतेत भुकटी वितळून अखंड थर होते. बीड मात्र तसंच राहतं, कारण त्याला वितळायला अकराशेच्या वर अंश लागतात.

(इथे एक गंमत सांगतो. मडकं भाजताना नेमकं काय भाजलं जातं, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचा मोठा वाद आहे. वैशेषिक म्हणत, घट परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू भाजले जातात आणि त्यांचा पुन्हा घट होतो. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणत, छे, अख्खं भांडं जसंच्या तसं भाजलं जातं. याला पिठरपाक म्हणतात. पिठर म्हणजे भांडंच. या इनॅमलच्या भट्टीत दोघांचीही सोय झाली आहे. काचेची भुकटी विरघळून नवी वस्तू होते, आणि लोखंड अख्खं राहतं. असो.)

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. भट्टीतून बाहेर आल्यावर भांडं निवतं. निवताना सगळंच आकसतं, पण लोखंड आणि काच सारखी आकसत नाहीत. इनॅमलची काच अशी निवडलेली असते, की ती लोखंडापेक्षा किंचित कमी आकसावी. म्हणजे निवल्यावर लोखंड काचेला सगळीकडून जरा आवळून धरतं. हे मुद्दाम केलेलं असतं. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र अगदी थोडा सोसते. म्हणून तिला कायम थोड्या दाबात ठेवायचं. तुमच्या ओट्यावरच्या थंड भांड्यात ती काच आत्ता या क्षणी दाबलेलीच आहे.

आता तुम्ही भांडं तापवता. लोखंड जास्त फुगतं, काच कमी. आवळ सैल होतो. बेताने तापवलं तर हरकत नाही, दाब थोडा कमी होतो इतकंच. पण रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवून विसरलात, तर खालचं लोखंड इतकं फुगतं की दाब संपून ताण सुरू होतो. आकडा हवा असेल तर असा : लोखंडाची एक मीटर लांबी 100 अंशांनी तापली तर सुमारे 1 मिलीमीटर वाढते. आपलं 18 सेंटीमीटरचं भांडं 200 अंशांनी तापलं तर जवळजवळ 0.4 मिलीमीटर. डोळ्यांना काहीच नाही. काचेला पुष्कळ आहे.

आणि तापलेल्या भांड्यात नळाचं गार पाणी ओतलंत तर? वरची काच एकदम आकसू पाहते, खालचं लोखंड अजून फुगलेलंच असतं. काच ताणली जाते आणि तिच्यावर केसासारख्या रेघा उमटतात. 'रिकामं तापवू नका', 'गरम भांड्यावर गार पाणी नको', 'फ्रीजमधून काढून थेट गॅसवर नको', 'आच एकदम वाढवू नका' हे कागदावरचे चार नियम आहेत. तुम्हीच पाहा, ते एकच आहेत.

टवक्यांचंही तसंच. टवके बहुतेक काठाला का उडतात? कारण बाहेर वळलेल्या कडेवर दाबलेली काच बाहेर उसळायला टेकलेलीच असते. तिथे जरा टोला बसला की सुटते. आणि आपल्या स्वयंपाकघरात काठावर टोला मारणारं हत्यार कोणतं? सांडशी. परदेशातून आलेल्या कुठल्याही कागदावर सांडशीचं नाव नसतं, कारण तो कागद लिहिणाऱ्याने सांडशी पाहिलेलीच नसते. आपल्याकडे मात्र हात आपोआप तिच्याकडे जातो. या भांड्याला दोन कान दिलेले असतात. तिथेच धरायचं, कोरड्या जाड फडक्याने. ओल्या फडक्याने धरू नका, ओल्यातून चटका लवकर पोचतो. आणि डाव काठावर ठण् ठण् आपटून झटकायची जी आपली सवय आहे, तीही इथे सोडायची.

इतिहासावर दोन शब्द. लोखंडी भांड्याला इनॅमल देण्याची कला अठराव्या शतकात जर्मन प्रदेशात रुजली. आज जी भांडी प्रसिद्ध आहेत त्यांतलं ल क्रुझे 1925 साली उत्तर फ्रान्समधल्या फ्रेन्वा-ल-ग्राँ या गावी सुरू झालं. सुरू करणारे दोघे बेल्जियन. एक ओतकामातला, दुसरा इनॅमलमधला. 'क्रुझे' म्हणजे मूस, धातू वितळवायची. त्यांचा नारिंगी रंग मुशीतल्या तापलेल्या लोखंडावरून घेतला, असं ते सांगतात. दुसरं नाव स्तोब, 1974 सालचं, अल्सासमधलं; त्याची आतली काच काळी आणि किंचित खरबरीत असते. ल क्रुझेची आतून फिकट असते. फिकट काचेत कांदा किती तांबूस झाला ते दिसतं, डागही दिसतात. काळीत डाग दिसत नाहीत, पण फोडणी करपायला लागलेलीही दिसत नाही. साठीनंतरच्या डोळ्यांना आम्ही फिकटच सुचवू.

विकत घेताना एक खबरदारी. अगदी छोटी, एका माणसापुरती, वाटीएवढी कोकोत मिळते. दिसायला हुबेहूब, रंग तोच, झाकण तसंच. पण त्यांतली पुष्कळशी बिडाची नसतात, भाजलेल्या मातीची असतात. ल क्रुझेच्या 'मिनी कोकोत' तर मातीच्याच आहेत. ती ओव्हनसाठी, गॅसवर ठेवलीत तर तडकतील. ओळखायचं कसं? फ्रिजच्या दारावरचं चुंबक लावून पाहा. चिकटलं तर लोखंड. फ्रान्समध्ये त्या वाटीएवढ्या भांड्यात लोणी, साय घालून एक अंडं फोडतात आणि ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या परातीत ठेवून शिजवतात. पाण्यात ठेवल्यामुळे आच शंभराच्या पुढे जात नाही, अंडं मऊ राहतं.

आता स्वयंपाक. इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. लोक म्हणतात, बीड सगळीकडे सारखं तापतं. उलट आहे. उष्णता पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या चौपट-पाचपट पुढे आहे, तांबं त्याहून पुढे. बीड ज्योतीवर तापतं तिथेच तापतं, बाकीकडे उष्णता हळूहळू जाते. म्हणून त्याला वेळ द्यायचा, मंद आचेवर पाच मिनिटं. छोट्या भांड्याचा खरा फायदा इथे आहे. त्याचा तळ बारा-चौदा सेंटीमीटरचा, तेवढाच गॅसचा लहान बर्नर. ज्योत तळाखाली मावते, त्यामुळे कडेला थंड, मधे करपलेलं असं होत नाही. मोठ्या बर्नरवर ठेवलंत तर ज्वाळा बाजूने वर चढतात, कान तापतात, गॅस फुकट जातो. शेगडीच्या जाळीवर छोटं भांडं डुगडुगत असेल तर वरून लहान जाळी ठेवा. अडीच किलोचं भांडं कलंडलं तर आमटीचंच नाही, पायाचंही नुकसान आहे. इंडक्शनवर हे चालतं, पण फारच लहान तळ असेल तर शेगडीला भांडं ठेवल्याचं कळतच नाही. आणि काचेच्या शेगडीवर ते ओढायचं नाही, उचलायचं.

दुसरं म्हणतात, बीड उष्णता धरून ठेवतं. हे खरं, पण किती ते पाहू. समजा झाकण सोडून भांडं 2 किलोचं आहे. लोखंडाची उष्णता साठवायची ताकद पाण्याच्या साधारण एक-नवमांश. म्हणजे ते भांडं धरतं पाव लिटरहून थोड्या कमी पाण्याएवढी उष्णता. आत लिटरभर आमटी असेल, तर आमटीचीच उष्णता चौपटीहून जास्त झाली. मग भांड्याचा उपयोग कुठे? कांदा परतताना. तिथे आत दोन चमचे तेल, म्हणजे साठा सगळा लोखंडात. गार कांदा पडला तरी तळ निवत नाही, कांद्याला पाणी न सुटता तो परतला जातो. आणि दुसरा उपयोग झाकणाचा.

झाकणाबद्दल आपल्याला फ्रेंचांकडून शिकायचं फार नाही. वालाचं बिरडं करताना आपण काय करतो? पातेल्यावर ताट, ताटात पाणी. वरून गार असलेल्या ताटाला खालची वाफ लागते, तिचे थेंब होतात, ते पुन्हा डाळिंब्यांवर पडतात. डाळिंब्या ढवळाव्या लागत नाहीत, मोडत नाहीत. फ्रान्समध्ये याच युक्तीचं एक झाकण बनवतात, वर खोलगट, पाणी किंवा बर्फ ठेवायला. त्याचं नाव 'दूफ', म्हणजे मंद आच. आमच्या मते हे ताटावरच्या पाण्याचं चुलतभावंड आहे. साध्या फुगीर झाकणाच्या भांड्यावर मात्र पाणी ओतू नका. ते झाकणही काचेचंच, आणि तापलेलं. ते स्वतःच्या वजनानेच वाफ दाबून धरतं.

तर बिरडं छोट्या कोकोतमध्ये असं : आधी तेल, मग गॅस, लहान बर्नर, मध्यमपेक्षा कमी. मोहरी तडतडायला तीन-चार मिनिटं लागतील. धीर धरा, आच वाढवू नका. कडकडीत फोडणीच हवी असेल तर ती वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओता, त्या कामाला हे भांडं नाही. हिंग, हळद, मिरची, मग सोललेल्या डाळिंब्या. पाणी घालायचं ते आधणाचं. आपल्या आज्या उसळीत गार पाणी घालू देत नसत. त्यांचं कारण डाळिंब्यांच्या शिजण्याचं होतं, आपलं काचेचं, हुकूम तोच. झाकण ठेवा. मीठ, गूळ, आमसूल डाळिंब्या मऊ झाल्यावरच. पूर्ण शिजायच्या चार-पाच मिनिटं आधी गॅस बंद करा, उरलेलं काम लोखंड करतं. ढवळायला लाकडी डाव किंवा सिलिकॉनचा चमचा.

आमसुलाचा उल्लेख आला, तर नुसत्या लोखंडाशी तुलना करायला हवी. साध्या लोखंडी कढईत आमसूल, चिंच, टोमॅटो घातले की पदार्थ काळपट होतो, लोखंडाची चव येते. इनॅमलमध्ये हे होत नाही, सोलकढीसाठी आगळ काढून ठेवलंत किंवा कोकमाचं सार केलंत तरी रंग तसाच. पण त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. ते जे लोखंड पदार्थात उतरतं, ते शरीरालाही मिळतं, आंबटात जास्तच. इनॅमलमधून ते मिळत नाही. ज्या घरात रक्तातलं लोह कमी असण्याची तक्रार आहे तिथे जुनी लोखंडी कढई मोडीत काढून त्या जागी हे आणू नका. दोन्ही ठेवा. आणि आंबट पदार्थ रात्रभर यातच ठेवायचाही मोह नको. काच आम्लाला पुष्कळ टिकते, तरी कायमची नाही. दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

निगा. भांडं आधी निवू द्या. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज. तारेची घासणी, राख, घासायची भरड पावडर यांनी काचेची झिलई जाते, आणि झिलई गेली की पदार्थ चिकटायला लागतात. घरी भांडी घासायला ज्या ताई येतात त्यांना आपण नुसतं 'हे जपून घासा' म्हणतो. त्याने काही होत नाही, कारण हातात घेतल्यावर ते त्यांना बिडाचंच वाटतं, आणि बीड जोरात घासायचं असतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 'ताई, ही आतून काच आहे' म्हणा. एक शब्द पुरतो. काचेचे पेले त्या रोज नीट धुतातच ना!

तळाला लागलं असेल तर अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून मंद उकळी आणा, तसंच निवू द्या, लाकडी डावाने सोडवा. पांढुरकी साय दिसली तर ती पाण्यातल्या क्षारांची. व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा आणि धुवा. स्टीलचा चमचा फिरल्यावर करड्या रेघा दिसतात, त्या पाहून लोक घाबरतात. त्या बहुधा ओरखडे नसतातच. काच स्टीलपेक्षा कठीण असते, त्यामुळे स्टीलच तिच्यावर पेन्सिलीसारखं उमटतं. ओल्या सोड्याने चोळल्यावर पुष्कळशा जातात. धुतल्यावर काठ कोरडा पुसा, कारण तिथे थर सगळ्यात पातळ असतो. ठेवताना भांडं आणि झाकण यांच्यामध्ये फडकं.

शेवटी तो प्रश्न, जो सगळ्यात जास्त वेळा येतो : टवका उडाला, आता काय? पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली तर कल्हईवाला दारात भाता लावून, नवसागर टाकून ती पुन्हा करायचा. कथील 232 अंशांना वितळतं, तेवढी आच रस्त्यावर होते. काचेला 800 लागतात. त्यामुळे घरी किंवा गल्लीत इनॅमल पुन्हा होत नाही, आणि बाजारात बेसिनचे टवके बुजवायला जो लेप मिळतो तो अन्नाच्या भांड्यात आतून लावायचा नसतो.

म्हणून टवका कुठे आहे ते पाहा. बाहेरून किंवा कानावर असेल तर भांडं खुशाल वापरा. उघड्या पडलेल्या बिडाला तेलाचं बोट लावत जा, म्हणजे गंजणार नाही. आत असेल तर मात्र त्यात स्वयंपाक करू नका. उघडं बीड पोटाला अपाय करतं असं नाही, आपण बिडाच्या तव्यावर भाकरी खातोच. पण एकदा टवका सुटला की त्याच्या कडेची काच आधाराविना राहते, आणि पुढचा तुकडा केव्हा सुटून आमटीत पडेल ते कळत नाही. तो तुकडा काचेचा असेल. भांडं कितीही महाग असो, कोणीही दिलेलं असो. झाकण शाबूत असेल तर ते ठेवून द्या. त्याच मापाच्या दुसऱ्या पातेल्यावर ते बसतं, आणि वाफ तितकीच धरतं.